भाच्याचं 'कुर्ली' इंजिन टर्मिनलवर बोलतं, पटाच्या खिडकीत जोडलं की गप्प – असं का होतं?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयात रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही, जरा वारं सुटलं की टॉवर आडवा. त्यामुळे ऑनलाइन साइटवर डाव तपासणं वगैरे विसरायचं. एका चाकरमान्याने वाचनालयाला जुना संगणक दिलाय. त्यावर लिनक्स, स्टॉकफिश (चाली शोधणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन) आणि एक फुकटातला जीयूआय (पट दाखवणारी खिडकी) असा संसार मांडलाय. तो झकास चाललाय.

अडचण वेगळीच आहे. अकरावीतल्या भाच्याने सुट्टीत पायथनमध्ये स्वतःचं इंजिन लिहिलं. नाव ठेवलंय कुर्ली. टर्मिनलवर चालवलं तर प्रत्येक आज्ञेला चोख उत्तर देते. तीच जीयूआयला जोडली की 'इंजिन प्रतिसाद देत नाही'. त्याच जीयूआयत स्टॉकफिश बिनबोभाट चालतं, म्हणजे खोट कुर्लीतच असणार. गणपतीत मुंबईची मंडळी आली की देवळाच्या सभामंडपात मुलांची स्पर्धा असते, तिथे कुर्लीला एका पटावर बसवायचं त्याच्या मनात आहे.

तर, हे का होतंय? आणि मुळात हे दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तरी कसे? मुलांना समजावता येईल असं सांगा.

(आज्ञा देवनागरीत लिहिल्या तरी चालतील. आम्ही टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरू.)

---

दुहेरीशह

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

पट, सोंगट्या, घड्याळ, माउस हा सगळा जीयूआयचा प्रांत. इंजिनाला ना खिडकी ना चित्र. त्याला फक्त ओळ वाचता येते आणि ओळ लिहिता येते. तुम्ही इंजिन 'जोडता' तेव्हा जीयूआय त्याला वेगळी प्रोसेस म्हणून सुरू करतो आणि त्याचं स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुट अशी दोन्ही टोकं स्वतःच्या हातात ठेवतो. एरवी जिथे तुमचा कीबोर्ड असतो तिथे जीयूआय, आणि जिथे स्क्रीन असते तिथेही जीयूआयच. मधे दोन पाइप, आणि त्यातून वाहतो तो साधा मजकूर. म्हणून तर इंजिन सी++मध्ये, जीयूआय जावामध्ये आणि कुर्ली पायथनमध्ये असली तरी कुणाचं काही अडत नाही.

आज बहुतेक इंजिनं जी बोली बोलतात तिचं नाव यूसीआय (युनिव्हर्सल चेस इंटरफेस). एका चालीचा संवाद असा:

जीयूआय: यूसीआय
इंजिन: आयडी नेम कुर्ली
इंजिन: ऑप्शन नेम हॅश टाइप स्पिन डिफॉल्ट १६ मिन १ मॅक्स २५६
इंजिन: यूसीआयओके
जीयूआय: इजरेडी
इंजिन: रेडीओके
जीयूआय: यूसीआयन्यूगेम
जीयूआय: पोझिशन स्टार्टपॉस मूव्ह्ज ई२ई४
जीयूआय: गो डब्ल्यूटाइम २९८००० बीटाइम ३०००००
इंजिन: इन्फो डेप्थ ६ स्कोअर सीपी -२४ पीव्ही ई७ई५ जी१एफ३
इंजिन: बेस्टमूव्ह ई७ई५

(स्टार्टपॉस म्हणजे सुरुवातीची स्थिती, डब्ल्यूटाइम-बीटाइम म्हणजे पांढऱ्या-काळ्याचा उरलेला वेळ, डेप्थ म्हणजे किती चाली पुढे बघितलं ती खोली, सीपी म्हणजे गुण, पीव्ही म्हणजे इंजिनाला अपेक्षित चाली.) यातली 'ऑप्शन'ची ओळ मला फार आवडते. कुठल्या इंजिनाला काय सेटिंग लागतं हे जीयूआयला आधी ठाऊक नसतं. इंजिन स्वतः सांगतं की माझ्याकडे हॅश नावाचा आकडा आहे, १ ते २५६ मधला. त्या ओळीवरून जीयूआय सेटिंगची चौकट बनवतो. उद्या भाच्याने 'आळशीपणा' नावाचा ऑप्शन काढला तरी तो तिथे आपोआप उगवेल.

आणि चालीत सोंगटीचं नाव नसतं. नुसतं घर ते घर. किल्लेकोट म्हणजे राजाची ई१जी१, प्याद्याचा वजीर झाला तर ई७ई८ आणि शेवटी क्यू.

---

सातव्या_पट्टीतलं_प्यादं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बफरिंग. दुसरं काही उघडून बघायच्या आधी हे बघा.

प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर प्रत्येक ओळ लगेच बाहेर पडते. तेच पाइपमध्ये जात असेल तर पायथन (सी पण) म्हणतं, थोडं साठू दे, काही हजार बाइट झाले की एकदम पाठवू. 'यूसीआयओके' किती बाइटचं? ते बफरमध्येच पडून राहतं. जीयूआय उत्तराची वाट बघतोय, कुर्ली पुढच्या आज्ञेची. दोघंही एकमेकांकडे बघत बसलेत.

उपाय: पायथनच्या प्रिंटमध्ये फ्लश=ट्रू द्या (म्हणजे साठवू नको, लगेच पाठव). किंवा जीयूआयला सांगताना पायथन वजा-यू लावून चालवा. सी++ असेल तर प्रत्येक ओळीला एंडएल.

दुसरं, ओळ वाचली की आधी तिची टोकं छाटून घ्या. विंडोजकडून ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न येऊ शकतो, आणि 'यूसीआय' व 'यूसीआय अधिक अदृश्य अक्षर' हे कोडच्या लेखी दोन वेगळे शब्द.

कोण काय बोललं ते बघायचं असेल तर स्टॉकफिशमध्ये 'डीबग लॉग फाइल' नावाचा ऑप्शन आहे. त्यात फाइलचं नाव दिलं की सगळा संवाद उतरतो, आलेल्या ओळीपुढे दोन बाण एका दिशेला, गेलेल्या ओळीपुढे उलट्या. एक डाव तसा उतरवा आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावा, एकाने जीयूआय व्हायचं, दुसऱ्याने इंजिन.

---

खाडीपलीकडचा

मी भाचा, मामाच्या आयडीवरून लिहितोय. फ्लश=ट्रू टाकलं आणि कुर्ली खेळायला लागली!! थँक्यू प्यादंकाका.

आता पुढचं. विश्लेषण चालू केलं की 'गो इन्फिनिट' येतं. कुर्ली चौथ्या डेप्थपर्यंत जाते, बेस्टमूव्ह सांगते आणि बसते, मग जीयूआय गडबडतो. डेप्थ वाढवून बघितली तर 'स्टॉप' दाबूनही ती थांबत नाही.

---

वेंगुर्ल्याचो_झील

भाच्या, एसटी बघितलंस मा? कंडक्टरान दोन घंट्यो दिल्यो की गाडी सुटता, एक दिली की थांबता. ड्रायवर आपल्या मनान मधीच उतरना नाय. 'इन्फिनिट' म्हणजे तां. तुझो ड्रायवर चार थांबे गेल्यार 'माझा झाला' म्हणान गाडी सोडून जाता. आणि गाडी चलयताना तेका घंटी आयकाकच येना नाय, मगे 'स्टॉप' मेल्या आयकतलो कोण?

---

दुहेरीशह

झीलभाऊंनी नेमकं सांगितलं. तांत्रिक भाषेत एवढंच: 'गो इन्फिनिट' नंतर 'स्टॉप' येईपर्यंत बेस्टमूव्ह द्यायचाच नाही. मात सापडली तरी गप्प बसून राहायचं. आणि 'स्टॉप' आल्यावर बेस्टमूव्ह द्यायचाच, भले एकाच डेप्थचा का असेना.

ऐकू येण्यासाठी दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं) लागतील. एक फक्त ओळी वाचतो, दुसरा विचार करतो. 'स्टॉप' आला की वाचणारा एक खूण उंचावतो, विचार करणारा दर काही हजार नोड (स्थिती) तपासल्यावर तिच्याकडे नजर टाकतो. 'इजरेडी'चंही तसंच, विचार चालू असला तरी 'रेडीओके' लगेच गेलं पाहिजे. कुर्ली जिवंत आहे की नाही हे जीयूआय त्यावरूनच ओळखतो.

---

जुना_गडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण सगळे यूसीआय-यूसीआय करताय, त्याआधीचंही कुणीतरी सांगायला हवं.

१९९०च्या सुमारास एक्सबोर्ड आलं ते जीएनयू चेस या इंजिनाला खिडकी म्हणून. प्रोटोकॉल (बोलीचे नियम) वगैरे कुणी बसून आखला नव्हता. माणूस टर्मिनलवर जीएनयू चेसला ज्या आज्ञा टाइप करायचा त्याच खिडकी टाइप करायला लागली, झाला प्रोटोकॉल. पुढे टिम मान यांनी एक्सबोर्ड वर्षानुवर्षं सांभाळलं, विंडोजवर विनबोर्ड झालं, नियम लिहून काढले गेले. दुसऱ्या आवृत्तीत 'फीचर' आलं: एक्सबोर्ड 'प्रोटोव्हर २' म्हणतं, दोन सेकंद थांबतं, तेवढ्यात इंजिनाने आपल्याला काय काय येतं ते सांगायचं. जास्त वेळ हवा असेल तर 'फीचर डन=०' म्हणून थोपवून धरायचं.

यूसीआय आलं नोव्हेंबर २००० मध्ये. रुडॉल्फ हूबर आणि श्रेडर इंजिनाचे स्टेफान मेयर-कालेन या दोघांनी केलं. २००२ मध्ये चेसबेस कंपनीने आपल्या प्रोग्राममध्ये ते घेतलं आणि पारडं फिरलं. २००८ साली ग्लौरुंग या इंजिनातून स्टॉकफिश निघालं तोवर यूसीआय घरोघरी पोचलं होतं.

पण माझं मत विचाराल तर जुनाच प्रोटोकॉल इंजिनाला मान देणारा होता. तिथे इंजिन हा खेळाडू. पट त्याच्या डोक्यात, ओपनिंगचं पुस्तक त्याच्याकडे. तो बरोबरी मागू शकतो, डाव सोडू शकतो, चुकीची चाल आली तर 'इल्लीगल मूव्ह' म्हणून परत पाठवू शकतो. यूसीआयमध्ये इंजिन म्हणजे हिशेबनीस. विचारलं तेवढं सांगा.

---

दुहेरीशह

गडीसाहेब, तुमचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. हिशेबनीस असण्यातच यूसीआयचं यश आहे.

जुन्या पद्धतीत दोघांच्या डोक्यात दोन पट असतात आणि ते कायम जुळलेले राहावे लागतात. मुलाने चाल मागे घेतली, मधूनच दुसरी स्थिती मांडली, विचार चालू असताना बाजू बदलली, तर अशा प्रत्येक वेळी इंजिनाला वेगळी आज्ञा, आणि एक चुकली की पुढचा सगळा डाव वेडावाकडा. यूसीआयमध्ये दर वेळी पूर्ण स्थिती नव्याने सांगायची आणि 'गो' म्हणायचं. 'गो' नाही तर विचार नाही. चाल मागे घेतली? पुढच्या ओळीत एक चाल कमी, संपलं. भाच्याला दोन महिन्यांच्या सुट्टीत चालणारं इंजिन लिहिता आलं ते यामुळेच.

शिवाय अनोळखी शब्द आला तर तो सोडून पुढचं वाचायचं, हे यूसीआयच्या नियमांतच लिहिलंय. त्यामुळे जुनं इंजिन नव्या जीयूआयत कोसळत नाही.

---

जुना_गडी

सोपं आहे हे कबूल. पण डाव कधी सोडायचा हे इंजिनाने नाही, खिडकीने ठरवायचं, हे मला अजून पटत नाही. बुद्धिबळाच्या कुठल्या खेळाडूच्या वतीने टेबल राजीनामा देतं?

अवांतर: दोन्ही बाजूंना सांधणारा दुभाषाही निघाला होता. फ्रूट इंजिनवाले फाब्येन लेतूझे यांचं पॉलीग्लॉट. एका बाजूने यूसीआय इंजिन, दुसऱ्या बाजूने एक्सबोर्ड, मधे हा. त्याचा ओपनिंग-पुस्तकाचा फॉरमॅट आजही कित्येक जीयूआय वाचतात. असा दुभाषा स्वतः लिहायचा असेल तर वेळेचं एकक सांभाळा: यूसीआय मिलिसेकंदात बोलतं, एक्सबोर्ड सेकंदाच्या शंभराव्या भागात. शून्य इकडचं तिकडे झालं तर इंजिन एक तर वेळ संपवून हरतं नाहीतर विचारच करत नाही.

---

हर्णै_बंदर

एक बाळबोध शंका. दर चालीला पहिल्यापासूनच्या सगळ्या चाली पाठवायच्या? साठ चालींचा डाव म्हणजे केवढी लांब ओळ. आत्ताची स्थिती एफईएनमध्ये (पटाची स्थिती एका ओळीत लिहायची पद्धत) पाठवली की झालं ना?

---

सातव्या_पट्टीतलं_प्यादं

बाळबोध अजिबात नाही.

एफईएनमध्ये सहा गोष्टी मावतात: सोंगट्या कुठे, चाल कुणाची, किल्लेकोटाचे हक्क, एन पासांचं घर, पन्नास चालींच्या नियमाची मोजणी आणि चालीचा क्रमांक. मावत नाही ती म्हणजे आधी काय घडलं. हीच स्थिती याआधी दोनदा पटावर येऊन गेली का, हे एफईएनवरून कळणार नाही, आणि तिसऱ्यांदा आली तर डाव बरोबरीत. हत्तीच्या एंडगेममध्ये जिंकत असलेलं इंजिन शह देत देत सहज तिसऱ्यांदा तिथेच येऊन उभं राहील.

म्हणून 'पोझिशन' आज्ञेत आधी सुरुवात (स्टार्टपॉस किंवा एफईएन) आणि मग 'मूव्ह्ज' म्हणून पुढच्या सगळ्या चाली. ओळीच्या लांबीची काळजी नको. साठ चालींच्या डावाच्या १२० अर्ध्या चाली, प्रत्येकी पाच अक्षरं धरली तरी सहाशेच्या आसपास. संगणकाला ते काहीच नाही. फक्त सीमध्ये लिहिणाऱ्यांनी ओळीचा बफर २५६ अक्षरांचा ठेवू नये. तो पन्नासाव्या अर्ध्या चालीच्या आधीच भरतो, आणि मग इंजिन अर्धवट डाव वाचून भलतीच चाल खेळतं.

---

आंबोली_घाट

माझ्याकडे मुलं दुसऱ्याच गोष्टीवर भांडतात. एका खिडकीत उणे १.२० दिसतं, त्याच स्थितीला दुसरीकडे अधिक १.२०. कोण खरं?

---

दुहेरीशह

दोन्ही. यूसीआयमध्ये इंजिन गुण सांगतं ते स्वतःच्या, म्हणजे ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने. काळ्याची चाल असताना 'सीपी १२०' आलं तर काळा बरा. काही जीयूआय तो आकडा पांढऱ्याच्या बाजूने उलटवून दाखवतात, काही तसाच ठेवतात. सेटिंगमध्ये शोधा, बहुधा पर्याय असतो.

आकड्याच्या अर्थाबद्दलही सांगून ठेवतो. सीपी म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग, पण स्टॉकफिशने १५.१ आवृत्तीपासून मोजपट्टी बदलली. तिथे अधिक १.०० म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के. 'एक प्यादं जास्त आहे' असं मुलांना शिकवू नका. दोन वेगळ्या इंजिनांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना तर मुळीच नको.

---

वेंगुर्ल्याचो_झील

माझ्या मोबाइलातल्या ब्राउझरात स्टॉकफिश चलता, तेका पाइप खयचो?

---

सातव्या_पट्टीतलं_प्यादं

पाइप नाही, बोली तीच. लीचेससारख्या साइटवर स्टॉकफिश वेबअसेंब्लीत (ब्राउझरला चालवता येईल अशा रूपात) रूपांतर करून ब्राउझरच्या वेब वर्करमध्ये (पानामागे वेगळं चालणारं काम) चालवलेलं असतं. पान त्याला संदेश पाठवतं, आणि त्या संदेशात काय असतं? 'गो', 'स्टॉप', 'पोझिशन स्टार्टपॉस'. २००० साली पाइपसाठी लिहिलेली वाक्यं तशीच. अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश आहे, तेही आतून हेच बोलतं. शोगी या जपानी बुद्धिबळासाठी तर यूसीआयवरून यूएसआय बेतलं गेलं. अंगापिंडाने जवळपास तेच.

---

खाडीपलीकडचा

आता मामा. थ्रेडचं काम झालं, 'स्टॉप' ऐकते आता. पण काल एका मुलाविरुद्ध कुर्लीने चक्क शहात असताना घोडा हलवला. जीयूआयने 'अवैध चाल' म्हणून डाव मुलाला दिला. पोरं नाचली, भाचा जेवला नाही.

---

दुहेरीशह

मग पर्फ्ट. सुरुवातीच्या स्थितीतून ठराविक खोलीपर्यंत किती वाटा निघतात ते मोजायचं: एक चाल खोल २०, दोन ४००, तीन ८९०२, चार १,९७,२८१, पाच ४८,६५,६०९. कुर्लीचा एकही आकडा चुकला तर चाली काढण्यात खोट आहे. स्टॉकफिशला 'गो पर्फ्ट ४' सांगितलं की ते पहिल्या चालीगणिक फोड करून देतं, तिच्याशी ताडून बघत एकेक फांदी खाली उतरायचं. चूक कुठे आहे ते सापडतंच. सुरुवातीची स्थिती पुरेशी नाही, किल्लेकोट आणि बढती असलेल्या स्थितीही घ्या. जोडलेल्या सोंगट्या, म्हणजे ज्या हलल्या की राजाला शह उघडतो त्या, तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

स्पर्धेसाठी आणखी एक. संगणक जुना, म्हणजे कुर्लीची चाल बफरातून निघून जीयूआयच्या घड्याळापर्यंत पोचायलाही वेळ जाणार. स्टॉकफिशमध्ये यासाठी 'मूव्ह ओव्हरहेड' ऑप्शन आहे, दर चालीला तेवढे मिलिसेकंद बाजूला ठेवायचे. कुर्लीतही तसं काहीतरी ठेवा, नाहीतर जिंकलेला डाव घड्याळावर जाईल.

---

हर्णै_बंदर

आणि लाइट गेली तर? आमच्याकडे संगणक इन्व्हर्टरवर असतो, पण मुलं वैतागून जीयूआयची खिडकी सरळ बंद करतात. मग पंखा घरघरतच राहतो. सिस्टिम मॉनिटर उघडलं तर तीन-तीन पायथन शंभर टक्क्यांवर.

---

सातव्या_पट्टीतलं_प्यादं

ती अनाथ इंजिनं. सभ्य जीयूआय जाताना 'क्विट' म्हणतो, पण मारला गेला तर म्हणायला वेळ मिळत नाही, नुसता पाइप तुटतो. तुटलेल्या पाइपवर पायथनची रीडलाइन रिकामी ओळ देते, पुन्हा वाचलं तर पुन्हा रिकामी, आणि 'रिकामी ओळ आली, पुढची वाच' असं लिहिलं असेल तर ते चक्र थांबतच नाही. इनपुट संपलं हे कळलं की सरळ बाहेर पडायचं, 'क्विट' आल्यासारखंच. विचार करणारा थ्रेडही थांबवायचा, तो विसरला जातो.

---

खाडीपलीकडचा

पुन्हा भाचा. पर्फ्ट पाचपर्यंत जुळलं. घोडाच होता, जोडलेला. पाइप तुटला की कुर्ली आता मरते. गडीआजोबा, यूसीआयमध्ये डाव सोडायची आज्ञाच नाही, मग सभामंडपात काय करू? समोर पहिली-दुसरीतली पोरं असणार.

---

जुना_गडी

बघितलंत? म्हणत होतो ना. जीयूआयमध्ये 'गुण इतक्याखाली गेले की हार' असा पर्याय बहुधा मिळेल, तो बंद करून टाक. एक हत्ती आणि राजा घेऊन मात कशी करायची ते त्या पोरांना करू दे, कुर्ली शेवटपर्यंत खेळेल. बाकी तुझ्या शेजारी बसायला येईन म्हणतो, चतुर्थीला असतो मी तिकडेच, दाभोळ उतरून फेरीने.